दहा वाजल्यानंतरची आरती

घुमटाचा नाद ज्याच्या कानी बालपणीच पडला, त्याने पुढे कितीही थोर गवयांच्या मैफली ऐकल्या असोत, चतुर्थीच्या दिवसांत शेजारच्या घरातून घुमटावरची पहिली थाप ऐकू आली की त्याचे पाय उंबरठ्याबाहेर पडल्यावाचून राहत नाहीत. आम्हीही त्यांच्यापैकीच एक. त्यामुळे गेल्या मार्गशीर्षात अंत्रुज महालातील एका देवस्थानाच्या प्रांगणात रात्री घुमट आरतीचा कार्यक्रम व्हावयाचा आहे, तीन पथके येणार आहेत, असे कळताच आम्ही दुसरी सारी कामे बाजूस सारून तेथे गेलो. त्या रात्री जे ऐकले आणि जे ऐकू आले नाही, त्याचा हा वृत्तांत आहे. गावाचे व पथकांचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. दोष दाखविताना नाव घेतले की वाचकांचे लक्ष दोषावरून उडते आणि माणसावर जाऊन बसते. आणि येथे ज्या दोषांविषयी लिहावयाचे आहे ते कोणा एकाचे नाहीत.

हे नियतकालिक बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांच्याही हाती जाते. त्यांच्यापैकी ज्यांनी घुमट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द आधी सांगणे इष्ट होईल. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंस तोंड असलेले मातीचे भाजलेले पात्र. त्याच्या रुंद तोंडावर चामडे ताणून बसवितात. दुसरे अरुंद तोंड उघडेच ठेवतात. वादक एका हाताच्या बोटांनी चामड्यावर आघात करतो आणि दुसऱ्या तळव्याने ते उघडे तोंड कमीअधिक झाकीत राहतो. आतली हवा कोंडली की नाद एक होतो, मोकळी सोडली की दुसरा. हुंकारापासून टणत्कारापर्यंतचे सारे बोल या एवढ्याशा मडक्यातून निघतात. त्याच्या साथीला शामेळ असते. तेही मातीच्याच अंगाचे, पण दोन काठ्यांनी वाजविले जाणारे. आणि या दोहोंना बांधून ठेवणारे काशाचे जड कांसाळे. अलीकडे पेटीही असते. हेच घुमट ख्रिस्ती बांधवांच्या मांडोला साथ करते आणि हेच शिगम्यात सुंवारीच्या मेळात घुमते. २०१९ साली गोवा शासनाने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. तो मान योग्यच होता. परंतु वाद्याला मान मिळाल्याने ते वाजविण्याची आणि ऐकण्याची रीत सुरक्षित राहतेच असे नव्हे.

आणखी एक गोष्ट परगावच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. ही आरती गाणारी माणसे घरी कोंकणी बोलतात. आरतीचे शब्द मात्र बहुतांशी मराठी असतात. बांद्याच्या सोहिरोबानाथ आंबियांची (१७१४–१७९२) पदे असोत, की कृष्णंभट्ट बांदकरांच्या (१८४४–१९०२) रचना असोत, गोमंतकीय माणसाने मराठी भाषा प्रथम पाठ केली ती देवापुढे, टाळ्या वाजवीत. सोहिरोबा तर पुढे गोमंतक सोडून उत्तरेस ग्वाल्हेर-उज्जैनीपर्यंत गेले. भाषेच्या प्रश्नावर आमच्याकडे बरेच वाद झाले, १९८७ साली राजभाषेचा कायदा झाला, वाद पुढेही चालूच राहिले. परंतु आरतीच्या वेळी कोणाच्या मनात तो प्रश्न कधी आला नाही. कोंकणीत एकमेकांना हाका मारावयाच्या आणि मराठीत देवाला आळवावयाचे, यात कोणाला काही विशेष वाटत नसे. म्हणून घुमट आरतीत शब्द बुडाला तर नुसते एक गाणे बिघडते असे नाही. पाठांतराने पिढ्यान्पिढ्या टिकलेली वस्तू हातची निसटते. त्या रात्री आमचे कान प्रथमपासून शब्दांकडे लागलेले होते ते यासाठी.

आम्ही पोहोचलो तेव्हा सांज होऊन दिवे लागले होते. दीपमाळेच्या उजव्या अंगास, अग्रशाळेला पाठ देऊन, उंच रंगमंच उभारला होता. त्याच्या दोन्ही बाजूंस पुरुषभर उंचीचे ध्वनिक्षेपक. समोर ओळीने खुर्च्या, पाठीमागे तुळशीवृंदावनापर्यंत उभे राहिलेले लोक, आणि त्याही मागे खाजे व चणे विकणारांच्या पेटत्या दिव्यांची रांग. हवा थंड होती, तळीवरून ओल येत होती. जाणत्या वादकांनी आपापली घुमटे रंगमंचाच्या प्रखर दिव्यांजवळ नेऊन ठेविली होती. दंवाने चामडे सैल पडते आणि सैल पडलेले घुमट बोलत नाही, कण्हते. आमच्या शेजारच्या खुर्चीवर घुमटे मढविणारे एक वृद्ध कारागीर येऊन बसले. त्यांची आमची ओळख जुनी. "बाब, आयज दंव चड आसा," एवढेच ते म्हणाले आणि हात बगलेत घालून स्वस्थ राहिले.

कार्यक्रमाची वेळ सात. आरंभ झाला सव्वाआठला. मधला काळ दीपप्रज्वलन, सत्कार, शाली, श्रीफळे आणि भाषणे यांत गेला. देवस्थानाच्या कार्यक्रमात चार मान्यवरांचा मान ठेवावा लागतो हे आम्ही जाणतो. महाजनांनाही आपल्या अडचणी असतात. तथापि घुमटाच्या थोरवीवर सव्वा तास भाषणे ऐकताना, ती घुमटे दिव्याजवळ तापून पुन्हा निवत चालली आहेत, हे दृश्य आम्हांस काहीसे विनोदी वाटले हे सांगितलेच पाहिजे.

पहिले पथक नावाजलेले. अनेक स्पर्धांतून बक्षिसे मिळविलेले. बारा तरुण एकसारखी धोतरे व कुर्ते घालून अर्धवर्तुळात बसले, प्रत्येकासमोर एक ध्वनिवर्धक. मुख्य गायकाचा गळा उत्तम, स्वराचा लगाव शुद्ध. गणपतीच्या आरतीचा पहिला चरण त्याने ठाय लयीत असा काही मांडला की आमच्या मनात मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु दुसऱ्याच कडव्याला लय दुप्पट झाली, तिसऱ्याला चौपट, आणि मग दोन कडव्यांमधले घुमटवादन इतके लांबत गेले की आता आरती आठवावी तरी कशी असा प्रश्न पडावा. वादन सदोष होते असे मुळीच नाही. आठ घुमटांचा एक ठोका पडत होता. तिहाया समेवर अचूक येत होत्या. शामेळ वाजविणाऱ्या मुलाच्या मनगटात तर विलक्षण चपळाई होती. परीक्षक असतो तर आम्हीही भरपूर गुण दिले असते.

परंतु लय म्हणजे वेग नव्हे. ज्या गोमंतकाच्या देवळांच्या परिसरात लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांसारखा पुरुष घडला, तेथे ही गोष्ट सांगावी लागू नये. १९५३ साली दिवंगत झालेल्या या गुणवंताविषयी जाणकार सांगतात ते असे की हात, पाय आणि मुख यांनी ते एकाच वेळी निरनिराळे ताल धरीत. अशा माणसाला गणित काही कमी येत नव्हते. पण गणित कोठे थांबवावे हे कळण्यालाच आमच्याकडे लयकारी म्हणत आले आहेत. पहिल्या पथकाचे गणित थांबतच नव्हते. आणि गायकाचे शब्द, जे प्रत्येकाला लहानपणापासून मुखोद्गत आहेत, ते 'आ'कार आणि 'ओ'कारांच्या लाटांत विरघळून गेले होते.

मागे वळून पाहिले तेव्हा आम्हांस एक गोष्ट दिसली. प्रांगणात चारपाचशे माणसे होती. त्यांतील प्रत्येकाला ती गणपतीची आरती येत होती. तरी एकाचेही ओठ हलत नव्हते. कित्येकांच्या हातांत भ्रमणध्वनी उभे धरलेले होते आणि त्यांतून ते रंगमंचाकडे पाहत होते. आरती संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला. आरतीला टाळ्या पूर्वीही वाजत. पण त्या आरती चालू असताना, ठेक्यात. आता त्या आरती संपल्यावर वाजतात. टाळीची जागा बदलली, एवढ्यावरून बरेच काही कळण्यासारखे आहे.

याच वेळी आमच्या मनात एक जुनी शंका पुन्हा जागी झाली आणि ती आम्ही शेजारच्या कारागिरांना बोलून दाखविली. घुमटावर परंपरेने घोरपडीचे चामडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले. आता बोकडाच्या चामड्यावर काम भागवितात. जुन्या पिढीतील पुष्कळ रसिक म्हणतात की घुमटाचा प्राण त्या दिवशीच गेला; बोकडाचे कातडे जाड, त्याला तो टणत्कार नाही, तो घुमारा नाही. आम्हीही आजवर याच मताचे होतो आणि हे मत आम्ही अनेक ठिकाणी मांडलेही आहे. त्या रात्री ध्वनिक्षेपकांतून जो नाद येत होता तो आम्हांस कोरडा, पत्र्यावर खडे पडावेत तसा वाटला. "पहा," आम्ही म्हणालो, "हेच ते बोकडाचे चामडे." वृद्ध कारागिरांनी होकार दिला नाही व नकारही दिला नाही. ते नुसते हसले. त्यांच्या हसण्याचा अर्थ आम्हांस तासाभराने कळला.

दुसरे पथक महाविद्यालयीन मुलांचे. यांच्यात उत्साह दांडगा. एका चंद्रावळीत त्यांनी प्रश्नोत्तरासारखी जी जुगलबंदी केली ती खरोखरच आस्वाद्य होती आणि त्यातील एका मुलाचा डावा तळवा, घुमटाच्या तोंडावरून तो अलगद सरकविण्याची त्याची रीत, कोणाही जाणत्याने मान डोलवावी अशी होती. पण यांनी ढोल, विजेवर चालणारे एक स्वरवाद्य आणि चित्रपटातील चाल अशी भर घातली होती. नव्या गोष्टींना आमचा विरोध नाही. पेटी हीसुद्धा एके काळी नवीच होती. विरोध आहे तो एवढ्यासाठीच की या भरीमुळे घुमटच ऐकू येईनासे झाले. ज्या वाद्याच्या नावाने कार्यक्रम, तेच वाद्य शोधावे लागावे, हा अव्यापारेषु व्यापार होय.

दुसरे पथक उतरले तेव्हा घड्याळात दहाला पाच मिनिटे होती. तिसरे पथक गावातल्याच महिलांचे. अलीकडच्या काळात महिलांची घुमट पथके गोमंतकात ठिकठिकाणी उभी राहिली आहेत आणि कला अकादमीसारख्या संस्थेने स्पर्धांत त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग ठेवून त्यांना उत्तेजनही दिले आहे. तथापि यजमान गावचे पथक म्हणून त्यांना शेवटी ठेविले होते. पाहुण्यांचा मान आधी, घरच्यांचा मागाहून, ही आपली रीतच. परंतु या रीतीचा भार नेहमी घरच्या बायकांवरच कसा पडतो, याचाही एकदा विचार व्हावा.

दहा वाजले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. विशिष्ट दिवसांसाठी सवलत मिळते, पण या दिवसासाठी ती घेतलेली नव्हती. व्यवस्थापकांपैकी एकाने येऊन सांगितले, "धा जाले. भोंगे बंद करात." रंगमंचामागे थोडी कुजबुज झाली. कार्यक्रम येथेच संपवावा, महिलांनी पुढल्या वेळी गावे, असा विचार चालू असल्याचे पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या आम्हांस ऐकू येत होते. लोक उठू लागले होते. तेवढ्यात त्या पथकातील एक प्रौढ बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "माइक नाका आमकां. आमी सकयल देंवतात."

आणि त्या खरोखरच खाली उतरल्या. चौदा बायका घुमटे घेऊन दीपमाळेच्या पायथ्याशी गोल करून बसल्या. पेटी मध्ये ठेवली. उठून चाललेले लोक जरा थबकले, मग भोवती जमले. खुर्च्या मागे राहिल्या. एक अडचण मात्र उभी राहिली. इतका वेळ वाट पाहण्यात त्यांची दोन घुमटे दंवाने सैल पडली होती. तेव्हा पहिल्या पथकाच्या मुख्य गायकाने कोणी न सांगता आपल्या पथकाची दोन घुमटे आणून त्यांच्यापुढे ठेविली. या तरुणाच्या लयीविषयी आम्ही वर जे लिहिले ते लिहिलेच आहे. त्याच्या या वर्तनाविषयीही लिहिले पाहिजे.

त्यांनी प्रथम गणपतीची तीच आरती घेतली. मुख्य गायिकेचा आवाज मोठा नव्हता, किंचित चिरकाच होता. परंतु तिने पहिला शब्द उच्चारला तो शब्द म्हणून उच्चारला. तिचा चरण संपला आणि ध्रुवपद भोवतीच्या बायकांनी उचलले. दुसऱ्या वेळी ते मागे उभ्या असलेल्या काही पुरुषांनी उचलले. तिसऱ्या वेळी अग्रशाळेच्या पायरीवरून, खाजेवाल्यांच्या रांगेतून, तुळशीवृंदावनाच्या पलीकडून, जिकडून तिकडून ते येऊ लागले. घुमटे बेताने वाजत होती. कडवे चालू असताना ती शब्दांच्या खालून चालत होती आणि कडवे संपताच वर येत होती. एका तरुण मुलीला घाई झाली तेव्हा गर्दीतून कोणी आजोबा म्हणाले, "बाये, सवकास म्हण." कोणी हसले नाही, तिलाही राग आला नाही. तिने लय सांभाळली. रंगमंचावरच्या कलावंताला असे कोणी म्हणू शकले असते काय?

नंतर त्यांनी ग्रामदेवीची आरती घेतली. ही आरती कोणत्या छापील पुस्तकात नाही. ती त्या गावाचीच आहे. चौथ्या कडव्यावर गायिका क्षणभर अडली. तिला शब्द आठवेना. तोच गर्दीतून दोनतीन वृद्धांनी तो चरण पुरा केला आणि आरती पुढे गेली. आम्ही अनेक वर्षे मैफली ऐकत आलो आहोत. गायक विसरला आणि श्रोत्यांनी सावरले, असा प्रसंग मोठ्या सभागृहात आमच्या तरी अनुभवाला आलेला नाही.

आणि घुमटांचा नाद! ज्या नादासाठी आम्ही लहानपणी उंबरठा ओलांडीत होतो तो नाद आम्ही पुन्हा ऐकला. थाप पडली की ती आधी कानाला, मग छातीला लागत होती. डावा तळवा उघडला की घुमारा जमिनीवरून सरपटत येऊन पायांपाशी थांबत होता. त्यांत ती दोन उसनी घुमटेही होती. तीच माती, तेच बोकडाचे चामडे. तासाभरापूर्वी ज्यांना आम्ही कोरडी म्हटले होते, तीच ती. आम्ही वृद्ध कारागिरांकडे पाहिले. या वेळी ते बोलले: "बाब, चामडें बोकडाचेंच. भोंगो गेलो, देखून घुमट आयकूंक आयलें."

आमचे मत चुकले होते हे येथे स्पष्टपणे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. घोरपडीच्या चामड्याचा नाद निराळा होता हे आम्ही आजही म्हणू. त्या नादाची आठवण आमच्या कानांत आहे. परंतु एका निरुपद्रवी प्राण्याचा जीव वाचला म्हणून घुमट मेले, हा जो आक्षेप आम्ही इतकी वर्षे घेत आलो, तो त्या रात्री आमच्यापुरता निकालात निघाला. घुमटाचे नुकसान होत असेल तर ते दुसऱ्याच कारणाने होत आहे. ज्या वाद्याचा सारा चमत्कार तळव्याने कोंडलेल्या व सोडलेल्या हवेत आहे, त्याच्या चामड्यापुढे वीतभर अंतरावर यंत्र ठेवले तर यंत्राला फक्त टपोरा आघात ऐकू येतो. हवेचा श्वास त्याच्या हाती लागत नाही. मग वादकही हळूहळू यंत्राला जे ऐकू येते तेच वाजवू लागतो. आघात वाढतात, वेग वाढतो, तळवा आळसावतो. पहिल्या पथकातील मुलांचा दोष म्हणून आम्ही जो मानला त्यातील बराचसा या यंत्राने त्यांना शिकविलेला असावा.

महिला पथकाची आम्ही केवळ स्तुती करीत आहोत असे कोणी समजू नये. त्यांचे कांसाळे दोन वेळा समेपासून ढळले. पेटीचा स्वर गायिकेच्या गळ्याला एक पट्टी उंच होता आणि त्यामुळे वरच्या स्वरांवर तिची ओढाताण झाली. काही संस्कृत शब्दांचे उच्चार अशुद्ध होते. घुमटाचे बोल पहिल्या पथकाच्या मानाने साधे, संख्येने थोडे. स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळाले नसते, आणि परीक्षकांवर अन्यायाचा आरोपही करता आला नसता. हेच तर विचार करण्यासारखे आहे. ज्या आरतीने सारे प्रांगण गाऊ लागले ती आपल्या गुणपत्रिकेत बसत नसेल, तर गुणपत्रिकेत एखादा रकाना कमी आहे.

कोणी म्हणेल, लोक गायले ते रात्र झाली होती, गावचेच पथक होते, ग्रामदेवीची आरती सर्वांना येत होती म्हणून. या आक्षेपात तथ्य आहे. पण पहिली आरती तीन ठिकाणी नव्हे, सबंध मराठी मुलखात सर्वांना येते, आणि ती दोन वेळा झाली. पहिल्या वेळी कोणी गायले नाही, दुसऱ्या वेळी सर्व गायले. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ध्वनिक्षेपकावाचून मागच्या माणसाला ऐकू कसे जावे? कार्यक्रम संपल्यावर एका वृद्ध बाईंनी आम्हांस हेच सांगितले. गुडघ्यांमुळे त्यांना गर्दीत उभे राहता येत नव्हते. अग्रशाळेच्या ओट्यावर बसून त्यांना मुख्य गायिकेचे शब्द नीट लागले नाहीत. "पूण ध्रुवपद आयकलें," त्या म्हणाल्या. त्यांचे न ऐकलेले शब्द आमच्या उत्साहाने भरून निघत नाहीत, हे आम्ही मान्य करतो.

म्हणून यंत्रे फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. आमच्या सूचना लहान आहेत आणि देवस्थानांच्या समित्यांना सहज अमलात आणता येण्यासारख्या आहेत. ध्वनिवर्धक एकच असावा आणि तो गायकापुढे असावा, घुमटांपुढे नसावा. पथक रंगमंचावर न बसविता प्रांगणात खाली, लोकांच्या मध्ये बसवावे, आणि ज्यांना उभे राहवत नाही त्यांच्या खुर्च्या सर्वांत पुढे असाव्यात. भाषणे आरतीनंतर व्हावीत. ज्यांना ती ऐकावयाची असतील ते थांबतील. स्पर्धा भरविणारांनी शब्दोच्चारास वेगाहून अधिक गुण द्यावेत. आणि यजमान गावच्या महिलांना कधीतरी आठ वाजता गाऊ द्यावे.

जुनी पिढी गेली की आरती जाईल अशी भीती आमच्याकडे वारंवार बोलून दाखविली जाते. त्या रात्री आम्हांस दिसले ते एवढेच की आरती अजून लोकांच्या मुखात आहे, फक्त तिला उत्तर देण्याची संधी त्यांना मिळत नाही. ज्या कलेत श्रोता असा नसतोच, सारेच अर्धेअधिक गायक असतात, तिला आम्ही श्रोते मिळवून दिले आणि त्यालाच तिचा उत्कर्ष समजू लागलो. आम्हीदेखील वही-पेन्सिल घेऊन पहिल्या रांगेत बसलो होतो. ध्रुवपद उचलावयाला आम्हांसही दहा वाजावे लागले.

परतण्यापूर्वी आम्ही देवीला नमस्कार करून बाहेर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. दिवे मालवीत होते. दीपमाळेच्या कठड्यावर पहिल्या पथकाचा तो मुख्य गायक बसला होता. त्याची दोन्ही घुमटे त्याच्या शेजारी होती. त्या प्रौढ बाई ग्रामदेवीच्या आरतीचे चौथे कडवे त्याला सावकाश सांगत होत्या आणि तो ते वहीत उतरून घेत होता. एका शब्दावर दोघांचे अडले. तेव्हा त्या बाईंनी अग्रशाळेच्या ओट्यावर बसलेल्या वृद्धेला हाक मारून तो विचारला.